मदत हवी आहे: मालिकेतल्या छोट्या रोलबद्दल

मंडळी, माझा मामा कुडाळकडचा, दशावतारात राजपार्ट, म्हणजे राजाची कामं करतो. 2016 ला आकेरीत 'रात्रीस खेळ चाले'चं शूटिंग झालं तेव्हापासून आपल्याकडे युनिटं यायला लागली, त्यात त्यालापण हळूहळू कधी तलाठी कधी भटजी असे दोन-चार सीनचे रोल मिळाले. पेट्रोमॅक्सच्या उजेडात शेवटच्या माणसापर्यंत आवाज फेकायची सवय, इथे डायरेक्टर म्हणतो काका भुवईसुद्धा हलवू नका, पण शिकला तो, खरंच छान करतो.

आता एका कास्टिंग कोऑर्डिनेटरने मुंबईला बोलावलंय, हिरोइनच्या काकांचा रोल, ट्रॅक काही महिन्यांचा म्हणतात. पण कार्तिकात जत्रा सुरू होतात आणि दशावतार कंपनीचे रात्रीचे प्रयोग सोडायचे म्हणजे मामाचा जीव वरखाली होतो आणि मलाही ते पटत नाही. तारखा आधीच लिहून घेता येतात का? पेमेंट 90 दिवसांनी मिळतं ते खरं का, आणि कमिशन त्यातूनच कापतात की वेगळं द्यावं लागतं? सिंटाचं (कलाकारांच्या संघटनेचं) कार्ड आधी काढावं की काम मिळाल्यावर? गोरेगाव फिल्मसिटीजवळ स्वस्तात राहायची सोय कुठे होईल? कोणी स्वतः कॅरेक्टर रोल करत असाल तर प्लीज सांगा, या आठवड्यात त्यांना उत्तर द्यायचंय.