इमारतीच्या लोगोत जपानी बाज कसा आणावा?

दादरची_रेघ: माहीमला आमच्या ऑफिसची एक छोटी रहिवासी इमारत उभी राहतेय. मालकांना जपानी कलेचं वेड, म्हणून लोगोही तसा हवाय. ऑफिसात सगळे चेरीची फुलं आणि लाल गोळा सुचवतायत, मला ते अजिबात पटत नाही. गॅलऱ्यांना सागवानी जाळी आहे, चिन्ह तिथूनच निघावं. गेटची पितळी पाटी आणि नकाशाचा कोपरा, दोन्हीकडे ते उठून दिसायला हवं.

शाईपेन: कामोन बघा, म्हणजे जपानी घराण्यांची कुलचिन्हं. एकरंगी, बरीचशी वर्तुळात बसवलेली. शिक्क्याएवढी केली तरी ओळखू येतात. मित्सुबिशीचे तीन हिरेही इवासाकी आणि यामाउची घराण्यांच्या कुलचिन्हांवरूनच आलेत. १६ पाकळ्यांची शेवंती मात्र नको, ती सम्राटांची मुद्रा. सूर्याचे किरणही टाळा. युद्धकाळात ते जपानी लष्कराच्या झेंड्यावर होते, त्यामुळे कोरिया, चीनमध्ये त्यांनी युद्धाच्या जखमा ताज्या होतात.

वरळीवाली: जाळी आहे ना, मग कुमिको! ही जपानी जाळी, लाकडाच्या बारीक पट्ट्या खिळ्यांशिवाय एकमेकींत अडकवतात. त्यातली आसानोहा नक्षी घ्या: षटकोन, आत भांगेच्या पानांसारखी चांदणी. हे रोप सरळ, भराभर वाढतं म्हणून तिकडे तान्ह्या बाळांच्या कपड्यांवर ही नक्षी असायची. राहत्या घरांना याहून चांगलं काय? पण एकच षटकोन घ्या. पितळात कोरताना दाट रेघा पॉलिशने भरून जातात.

दादरची_रेघ: एकच षटकोन, ठरलं. आज १५ मिमीला छापून बघते.