कॉमिक्समधला खलनायक मालिकेत आला की अर्ध्यात का ढेपाळतो?

कोरी_चौकट
कॉमिक्सवरून केलेल्या मालिकांमधल्या खलनायकांबद्दल विचारायचं आहे. पुढे शेवटापर्यंतचं सगळं उघड होणार, तेव्हा ज्यांचं पाहायचं राहिलंय त्यांनी जपून वाचावं.

'डेअरडेव्हिल'चा पहिला सीझन २०१५ चा, 'ल्यूक केज'चा पहिला २०१६ चा. दोन्ही मार्व्हलच्या, दोन्ही नेटफ्लिक्सवर, दोन्हींचे भाग १३. नटही दोन्हीकडे तगडे: तिथे व्हिन्सेंट डि'ओनोफ्रिओ, इथे माहेर्शाला अली. तरी 'डेअरडेव्हिल'चा खलनायक विल्सन फिस्क (डि'ओनोफ्रिओ) तेराव्या भागापर्यंत मानगुटीवर बसून राहतो आणि 'ल्यूक केज' मात्र सातव्या भागानंतर घसरत जाते. लिहिताना नेमकं कुठे बिनसलं?

दुसरा प्रश्न, मूळ कॉमिक्समधली अफाट शक्ती आणि भडक रंगरूप पडद्यावर आणताना काय ठेवायचं, काय सोडायचं? आणि तिसरा: खलनायकाचं दुःखी बालपण दाखवलं की त्याची धार जातेच का?

शाईचा_डाग
पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोन्ही सीझनच्या मध्यावर सापडतं. दोन्हीकडचे सातवा आणि आठवा भाग शेजारी ठेवून पाहा.

आधी फिस्क. पहिल्या भागात त्याचा फक्त फोनवरचा आवाज आहे. त्याचा उजवा हात वेस्ली त्याचा उल्लेख 'माझे मालक' असाच करतो, नाव घेऊ देत नाही. तिसऱ्या भागात मॅट, म्हणजे नायक डेअरडेव्हिल, एका मारेकऱ्याला बदडून ते नाव वदवून घेतो, आणि नाव तोंडातून गेल्याबरोबर तो मारेकरी कुंपणाच्या अणकुचीदार सळईवर स्वतःचं डोकं आपटून जीव देतो. म्हणजे फिस्क अजून पडद्यावर आलेला नाही, पण त्याच्या तावडीत सापडण्यापेक्षा मरण बरं असं वाटणारा माणूस आपण पाहिलेला असतो. आणि मग तो दिसतो कुठे, तर चित्रांच्या दालनात, एका पांढऱ्याफटक चित्रासमोर एकटा उभा. दालनातली व्हनेसा (पुढे त्याची प्रेयसी) विचारते, हे पाहून काय वाटतं? तो म्हणतो, एकटं वाटतं. एवढी दहशत उभी केल्यावर हा अवघडलेला, लाजरा माणूस समोर येतो. त्याचा आवाज चढत नाही.

चौथ्या भागात तो व्हनेसाबरोबर जेवायला बसलेला असताना धंद्यातला रशियन भागीदार अनातोली मध्येच येऊन टपकतो. फिस्क त्याला मारतो ते गाडीच्या दारात डोकं चिरडून. कारण धंद्यातलं नाही, तिच्यासमोर आपली शोभा झाली हे आहे. इथे त्याची नस सापडते: या माणसाला लाज सहन होत नाही. इथून पुढे तो खोलीत असला की आपण इतरांच्या तोंडाकडे पाहतो, कोण काय बोलून बसतंय म्हणून.

आता मध्य. आठव्या भागात रोज सकाळचं ऑम्लेट, कपाटातले काळे सूट, बापाचे कफलिंक, आरशात रक्ताने माखलेला लहान मुलगा आणि बापावर चाललेला हातोडा, हे सगळं आपल्याला कळतं. आणि त्याच भागाच्या शेवटी फिस्क स्वतःच पत्रकारांसमोर येऊन नाव सांगून मोकळा होतो. नायकाच्या हातात त्याचं नाव हे एकच शस्त्र होतं. मध्यावर ते काढून घेतलं गेलं. खलनायक तोच राहिला, डाव बदलला.

'ल्यूक केज'ने सातव्या भागात नेमकं उलट केलं. खलनायक कॉटनमाउथला (माहेर्शाला अली) संगीतकार व्हायचं होतं, गुन्हेगारी घराणं चालवणाऱ्या आजीच्या, मामा मेबलच्या, घरात त्याच्या हातून काय काय करून घेतलं गेलं, हे त्याच भागात उलगडतं. आणि त्याच भागात चुलत बहीण मरायाशी भांडण होऊन ती बाटली मारते, त्याला वरून खाली क्लबात ढकलते आणि माइकच्या स्टँडने ठेचते. ज्या क्षणी प्रेक्षकाचा जीव त्याच्यात गुंततो, त्या क्षणी तो संपतो. प्रसंग म्हणून हा फार ताकदीचा आहे, मरायासाठी तर फारच. पण रिकाम्या जागेवर डायमंडबॅक या नव्या खलनायकाला आणून बसवलं. तो ल्यूकचा सावत्र भाऊ, जुनं वैर, हे सगळं आपल्याला मुख्यतः संवादांतून ऐकावं लागतं. सहा भाग ज्या क्लबात, ज्या खिडकीमागे, ज्या मुकुटवाल्या तसबिरीखाली सत्ता पाहिली, त्या जागेशी याचं काही नातंच नाही.

मला वाटतं, कॉटनमाउथ मेला यात चूक नव्हती, वारसा बाहेरच्याकडे गेला यात होती. मराया आणि टोळीतला शेड्स तिथेच उभे होते. दुसऱ्या सीझनमध्ये मरायाला मध्यभागी आणलं तर मालिकेत पुन्हा जीव आला.

वेगमर्यादा
शक्तीबद्दल लिहितो. कॉमिक्सच्या पानावर 'हा काहीही करू शकतो' हे खपून जातं, कारण २०-२२ पानांत अंक संपतो. मालिकेत दहा तासांच्या वर तोच माणूस चालवायचा असतो. शक्तीला कुंपण नसेल तर तिसऱ्या भागातच प्रेक्षक विचारतो, 'मग हा नायकाला मारून का टाकत नाही?' याचं उत्तर लेखकाकडे तयार हवं, आणि ते खलनायकाच्या गरजेतून यायला हवं.

'द फ्लॅश'चा पहिला सीझन (२०१४-१५) यासाठी बारकाईने पाहा. २३ भाग, दर आठवड्याला नवा शत्रू, आणि खरा शत्रू थॉन मात्र हॅरिसन वेल्सच्या रूपात नायकाच्याच प्रयोगशाळेत चाकाच्या खुर्चीवर. पहिल्याच भागाच्या शेवटी तो खुर्चीतून उठतो आणि २०२४ चं वर्तमानपत्र पाहतो. त्याला आपल्या काळात परत जायचं आहे आणि त्यासाठी बॅरीचा, म्हणजे नायक फ्लॅशचा, वेग वाढायला हवा. म्हणून तो बॅरीला मारत नाही, शिकवतो. बॅरी जिंकला की थॉनचंही काम पुढे सरकतं. २३ भागांचं लांबलचक वेळापत्रक या एका गरजेमुळे पेललं.

पुढच्या दोन सीझनमध्ये ही गरज पातळ झाली आणि उरला तो फक्त वेग. झूम बॅरीपेक्षा वेगवान, मग सॅव्हिटार त्याहून वेगवान. सलग तीन वर्षं पळणाराच शत्रू, आणि नायकाचं उत्तरही दरवेळी तेच: अजून जोरात पळ. त्यात झूम पूर्ण मुखवट्यात, सॅव्हिटार पूर्ण चिलखतात. डोळे, ओठ, मान काहीच दिसत नसेल तर नटाच्या हाती उरतो तो आवाज. चिलखतात भविष्यातला बॅरीच आहे हे तिसऱ्या सीझनच्या विसाव्या भागात कळतं, म्हणजे दोन माणसांमधलं खरं नाटक सुरू होतं तेव्हा तीनच भाग शिल्लक असतात. तिसऱ्या सीझनचं मोठं नुकसान मला यातच दिसतं. हेच गुपित आठ भाग आधी फुटलं असतं तर बॅरी साकारणाऱ्या ग्रँट गस्टिनला स्वतःसमोर उभं राहून कितीतरी करता आलं असतं.

जांभळी_सावली
रंगरूपाचा प्रश्न राहिला. त्यासाठी 'जेसिका जोन्स'चा (२०१५) किलग्रेव्ह पाहा. तो नुसतं बोलून कुणाकडूनही काहीही करवून घेतो. कॉमिक्समध्ये तो १९६४ साली 'डेअरडेव्हिल'च्या चौथ्या अंकात आला तो अंगभर जांभळा होऊन. मालिकेने कातडीचा रंग काढला आणि तो त्याच्या सुटात, दिव्यांच्या उजेडात, जेसिकाच्या आठवणींत पसरवला. परिणाम असा की तो खोलीत नसतानाही आहे असं वाटतं. पहिल्या दोन भागांत त्याचा चेहरा जवळजवळ दिसत नाही. दिसतं ते त्याने केलेलं: त्याच्या अंमलाखालची होप नावाची मुलगी लिफ्टमध्ये स्वतःच्या आईबापांना गोळ्या घालते आणि भानावर येऊन किंचाळते. किलग्रेव्ह झालेला डेव्हिड टेनंट नीट समोर येण्याआधीच आपण त्याला घाबरलेले असतो.

वेगमर्यादा म्हणतात ते कुंपणही इथे चोख आहे. त्याला माणसाच्या जवळ असावं लागतं, फोनवरून हुकूम चालत नाही. अंमल १०-१२ तास टिकतो. शस्त्रक्रियेच्या वेळची भूल दिली की शक्ती बंद. हे नियम माहीत असल्यामुळे प्रत्येक सापळा प्रेक्षकालाही मनात मांडता येतो. आणि जेसिकावर त्याचा अंमल आता चालत नाही, ही गोष्ट बरीच उशिरा बाहेर काढली आहे.

दोषही सांगते. त्याला पकडायचं आणि निसटू द्यायचं, हे फार वेळा होतं. नवव्या भागातल्या बंद खोलीचा प्रसंग (जमिनीवर पाणी, हाताशी विजेचं बटण, समोर त्याचे आईबाप) खरं तर कळस आहे, आणि त्यानंतर आणखी चार भाग उरतात. तिथून तो सुटतो ते १३ भाग भरायचे म्हणून, असं पाहताना जाणवत राहतं. दहा भागांत हीच कथा जास्त घट्ट बसली असती.

कोरी_चौकट
पटलं. पण ज्यांनी कॉमिक्स वाचलंय त्यांना धक्का कसा देणार? त्यांना सगळं आधीच ठाऊक असतं.

मागचं_पान
ठाऊक असलेलंच वापरायचं. 'ॲरो'च्या पाचव्या सीझनमध्ये एड्रियन चेस नावाचा सरकारी वकील येतो. कॉमिक्समध्ये एड्रियन चेस म्हणजे व्हिजिलांटी हा मुखवटाधारी. मालिकेने व्हिजिलांटीलाही वेगळा मुखवटा देऊन फिरत ठेवलं, त्यामुळे वाचकांनी दोघांची सांगड आपणहून घातली. पंधराव्या भागात कळतं की चेस हाच प्रोमिथियस, त्या सीझनचा मुखवटाधारी खलनायक.

उलटा मार्ग 'इन्व्हिन्सिबल'चा (२०२१). नायकाचा बाप ओम्नी-मॅन गार्डियन्स या महानायकांच्या गटाला मारतो ते कॉमिक्समध्ये सातव्या अंकात. मालिकेने ते पहिल्याच भागाच्या शेवटी टाकलं. त्यापुढचे सहा भाग जेवणाच्या टेबलावरचा साधा बाप पाहणंही जड जातं, कारण आपल्याला माहीत आहे, मुलाला नाही, आणि बायकोला हळूहळू संशय येतोय. रक्ताळलेला पोशाख तिच्या हाती लागतो तो प्रसंग कुठल्याही मारामारीपेक्षा भारी आहे.

चुकलेलं उदाहरण म्हणजे 'द वॉकिंग डेड'चा निगन. २०१२ च्या शंभराव्या अंकात तो बळी निवडतो आणि त्याच अंकात नायकाच्या गटातल्या ग्लेनला बॅटने मारतो. मालिकेने सहावा सीझन एप्रिल २०१६ मध्ये बळी न दाखवता बॅटचे घाव पडत असतानाच तोडला आणि कोण मेलं ते ऑक्टोबरमध्ये सांगितलं. निगन झालेल्या जेफ्री डीन मॉर्गनने दहा मिनिटांत जी दहशत उभी केली होती, ती सहा महिन्यांत 'कोण गेलं असेल' या अंदाजात विरघळली. लोक निगनबद्दल बोलायचे थांबले आणि याद्या करत बसले. क्लिफहँगर खलनायकाच्या कृत्यानंतर हवा. कृत्याच्या मधोमध तोडलं की लक्ष त्याच्यावरून उडतं.

'द बॉइज'बद्दल एक. कॉमिक्सच्या शेवटाकडे कळतं की खलनायक होमलँडरच्या माथी मारलेली बरीच भीषण कृत्यं त्याच्या क्लोनची, म्हणजे ब्लॅक नॉयरची होती. मालिकेने ही पळवाट काढून टाकली. अँटनी स्टारचा होमलँडर जे करतो ते त्याचं स्वतःचं असतं. माझ्या मते त्या रूपांतरातला सगळ्यात शहाणा निर्णय हाच.

शाईचा_डाग
तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. पूर्वकथेने धार जातेच असं नाही. बॅटमॅनचा शत्रू मिस्टर फ्रीझचं उदाहरण घ्या. १९५९ साली 'बॅटमॅन'च्या १२१ व्या अंकात तो मिस्टर झीरो नावाने आला, बर्फाची बंदूक घेतलेला एक साधा चोर. मिस्टर फ्रीझ हे नाव त्याला १९६६ च्या मालिकेनंतर चिकटलं. १९९२ च्या ॲनिमेटेड मालिकेतल्या 'हार्ट ऑफ आइस' या एका भागाने त्याला आजारी बायको नोरा दिली, आणि कॉमिक्सनेही मग तीच कथा उचलली. एवढ्याशा भागात तो कायमचा बदलला, कारण त्या दुःखातून त्याचं पुढचं प्रत्येक पाऊल निघतं.

जांभळी_सावली
सहमत, पण दुःखाने खलनायक मऊ होऊ नये अशी सोय करता येते, हे 'द पेंग्विन'ने (२०२४) दाखवलं. ८ भागांपैकी सातव्यात ऑझचं, म्हणजे पेंग्विनचं, बालपण उलगडतं. सवयीने आपण तिथे एखादी जखम शोधतो. सापडतं ते हे की त्यानेच दोन्ही भावांना बोगद्यात कोंडलं, पाणी चढत गेलं, आणि तो घरी येऊन आईजवळ बसला. कोवळ्या मुलाकडे पाहूनही सहानुभूती वाटेनाशी होते. शेवटच्या भागात तो आपल्या विश्वासू पोरसवदा साथीदाराचा, व्हिकचा, गळा आवळतो तेव्हा धक्का बसतो, पण खोटं वाटत नाही.

कोरी_चौकट
म्हणजे पूर्वकथा सीझनच्या उत्तरार्धातच ठेवायची का? आठ भागांच्या सीझनमध्ये साधारण कितव्या भागात?

शाईचा_डाग
भागाचा आकडा दुय्यम. दोन गोष्टी पाहा. त्याआधी त्याने स्वतःच्या हाताने काहीतरी अक्षम्य केलेलं असावं (फिस्कचं चौथ्या भागात, गाडीचं दार), आणि पूर्वकथा कळल्यावर कथेत कुणाचा तरी डाव बदलावा. दुसऱ्या अटीसाठी 'डेअरडेव्हिल'च्या तिसऱ्या सीझनचा (२०१८) पाचवा भाग पाहा. पुढे बुल्सआय हा खलनायक होऊ घातलेल्या डेक्सचं बालपण तिथे कृष्णधवल दिसतं, आणि ते पाहणारा फिस्क त्याच चौकटीत उभा असतो, कारण डेक्सची फाइल तो वाचतोय. डेक्सला धरून ठेवणारा आधार कोणता, हे आपल्याला कळतं त्याच वेळी फिस्कलाही कळतं. तो आधार म्हणजे ज्युली. पुढे फिस्क तिला गुपचूप ठार करवतो.