काजूच्या भट्टीचं पाणी: सोडून द्यायचं की फिरवायचं?

सत्तरीकर:
आमची काजूच्या दारूची परवान्याची भट्टी. काजूच्या बोंडूंचा हंगाम मार्च ते मे, आणि नेमकी तेव्हाच विहीर तळाला जाते. भाणातली, म्हणजे रस उकळायच्या भांड्यातली, वाफ थंड करायला तांब्याची कॉइल सिमेंटच्या टाकीत बसवली आहे. दिवसभर पंप चालतो आणि तापलेलं पाणी व्हाळात (ओढ्यात) जातं. खालच्या वाड्यावर बायका पाण्यासाठी थांबलेल्या असताना हे मला बघवत नाही. हजार लिटरची टाकी नि लहान पंप लावून तेच पाणी फिरवायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

कुळागरवाला:
दादा, आधी हिशेब करा. हुर्राकाचा, म्हणजे पहिल्या उतारातल्या काजूच्या दारूचा, एक लिटर उतरून गार होताना सुमारे २,२०० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. एक लिटर पाणी २० अंशांनी तापताना ८४ किलोज्यूल घेतं. म्हणजे लिटरमागे पाणी लागलं २६ लिटर. भाणातून ४० लिटर उतरवलेत की तुमची टाकी २८ अंशांवरून ४९ वर. त्यावर दुसरं भाण चढवाल तर कॉइलच्या तोंडातून धारेबरोबर वाफही सुटेल, आणि चूल तिथेच पेटलेली! माल जातो तो जातोच, पण एक ठिणगी पुरते. माझा फिरवण्याला विरोध आहे. पाणी सोडा, फक्त व्हाळात नको. आम्ही ते खड्ड्यात निववतो आणि संध्याकाळी पाटाने पोफळींना देतो.

सत्तरीकर:
कुळागर, म्हणजे पोफळींची बाग, असलेल्याला हे जमतं. आमच्या भट्टीखाली नुसता काजूचा डोंगर. हिशेब मान्य, पण म्हणून विहीर उपसायची? दोन टाक्या ठेवीन, एक चालू असताना दुसरी रात्रभर उघडी निवेल.

वाळपईचा प्लंबर:
फिरवा नाहीतर सोडा, पण नळ तरी नीट जोडा. गार पाणी टाकीत तळाशी यायला हवं आणि गरम वरून बाहेर पडायला हवं. मी पाहिलेल्या बऱ्याच टाक्यांत हे उलटं असतं, मग वरची कॉइल कायम उकळत्या पाण्यात. व्हॉल्व्ह फक्त आत येणाऱ्या नळाला. आत अर्धा इंची, तर बाहेर एक इंची. बाहेरचा नळ साध्या पीव्हीसीचा नको, गरम पाण्याने तो वाकतो; सीपीव्हीसी घाला. आणि माल उतरतो ते कॉइलचं तोंड कधीही बंद करू नका.

पेडण्याची ताई:
तुम्ही दोघेही कॉइल धरूनच बोलता. आजोबा नळीतून वाफ लावणीत, म्हणजे धार जमते त्या मडक्यात, घेत आणि लावणीवर वरून पाणी ओतत बसत. माणूस शेजारी बसलेला, त्यामुळे आच वाढली की लगेच कळे. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते याच हातांच्या कामामुळे. पाणी कमी पडतं, तर आच कमी करा.

कुळागरवाला:
ताई, आच कमी केली तरी लिटरमागे उष्णता तेवढीच. फक्त वेळ वाढतो. पण तुमचा शेजारी बसायचा मुद्दा मी घेतो. सत्तरीकर, दोन टाक्या करा, पण दुसरं भाण चढवण्याआधी पाण्यात हात घाला. हात भाजत असेल तर त्या दिवशी चूल विझवायची. हे कबूल असेल तर माझा विरोध मागे.

सत्तरीकर:
कबूल. टाक्या मात्र पत्र्याच्या सावलीत ठेवाव्या लागतील, एप्रिलचं ऊन पाणी निवू देणार नाही.