स्कॅपुला आणि ह्युमरस: उजवं की डावं, दर वेळी माती खाते

फर्स्टइयरची_गोगलगाय
नमस्कार मंडळी, फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आहे, दहावीपर्यंत मराठी मीडियम. काल इंटर्नल व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, सरांनी हातात स्कॅपुला, म्हणजे खवाट्याचं हाड, दिला आणि साइड विचारली, मी ठोकून दिलं राइट, तर म्हणाले स्वतःच्या पाठीवर लावून दाखव. मी लावला तर ती मधली उंच कड बरगड्यांकडे आणि गुळगुळीत बाजू बाहेर. सर म्हणे अगं टोचत नाही का तुला. सगळी बॅच हसली. मग ह्युमरस, म्हणजे दंडाचं हाड, दिला तर तिथे बरोबर त्याच्या उलटं चुकले. पुस्तकात तीन बॉर्डर, तीन अँगल, दोन सरफेस सगळं पाठ आहे हो, पण हाड हातात आलं की मेंदू कोरा. पुढच्या सोमवारी परत व्हायवा. कुणी सोप्या भाषेत सांगेल का? आणि सर्जिकल नेक, अ‍ॅनाटॉमिकल नेक अशा दोन दोन माना कशाला?

खांदेकरी
रडू नकोस, आमच्या बॅचला एकाने क्लॅव्हिकलला, म्हणजे कॉलरबोनला, बरगडी म्हटलं होतं. मी फिजिओ आहे, अकरा वर्षं खांदेच बघतोय.

आधी हाड बाजूला ठेव आणि घरात कुणाच्या तरी पाठीला हात लाव, भाऊ बहीण कोणीही. खवाट्यावर आडवी कड लागते ती स्पाइन, अंदाजे पाठीच्या तिसऱ्या मणक्याच्या लेव्हलला. तिच्यावरून बोट बाहेर सरकवत गेलीस की खांद्याच्या माथ्यावर चपटं हाड लागतं ते अ‍ॅक्रोमियन. आणि खाली जे टोक लागतं तो इन्फीरियर अँगल, पाठीच्याच सातव्या मणक्यापाशी. हे एकदा बोटांना कळलं की स्पाइन आत लावायची चूक जन्मात होणार नाही, कारण हाडाची पुढची बाजू खोलगट असते, बरगड्यांवर घसरायला, तिथे कड असून चालेलच कसं.

आता साइड. स्कॅपुला टेबलावर ठेव, कड वर, निमुळतं टोक तुझ्याकडे. म्हणजे तू त्या माणसाच्या पाठीमागे उभी आहेस. ग्लेनॉइडची खोबण, म्हणजे दंडाच्या हाडाचं डोकं जिथे टेकतं ती, ज्या हाताला, ती साइड. ह्युमरसही तसाच ठेव, गोल डोकं लांब, कोपराकडचा खोल खड्डा, म्हणजे ओलेक्रेनॉन फोसा, वर. इथे मात्र उलट, डोकं डावीकडे बघत असेल तर हाड उजवं. तू इथेच फसलीस बघ, एक युक्ती दोन्हीकडे लावलीस. खोबण बाहेर बघते आणि डोकं आत बघतं, कारण दोघं एकमेकांच्या समोर बसतात ना. दोन्ही उजवी हाडं घेऊन एकदा जोडून बघ, बस.

आणि जोडताना लक्षात येईल की डोकं केवढं आणि खोबण केवढीशी. मांडीचं हाड वाटीत बसतं, दंडाचं हाड बशीवर. एका वेळी डोक्याचा फार तर तिसरा हिस्सा खोबणीला टेकतो. म्हणून हात एवढा चौफेर फिरतो आणि म्हणूनच खांदा एवढा निखळतो, बहुतेक वेळा पुढच्या बाजूला.

पाठांतर_सम्राट
वरचं सगळं ठीक आहे पण व्हायवाला शॉर्टकटच लागतात 😄 घे लिहून. ह्युमरसच्या वरच्या टोकाला दोन उंचवटे आणि मधे खाच. आता स्नायू: खाचेच्या बाहेरच्या काठावर पेक्टोरालिस मेजर, आतल्या काठावर टेरीस मेजर, तळाला लॅटिसिमस. दोन मेजरांच्या मधे एक लेडी. मोठ्या उंचवट्यावर सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरीस मायनर याच क्रमाने वरून खाली, छोट्यावर एकटा सबस्कॅप्युलॅरिस. स्कॅपुलाच्या वरच्या काठाला खाच आहे तिच्यावर लिगामेंटचा पूल, आर्मी पुलावरून, नेव्ही पुलाखालून, म्हणजे आर्टरी वरून नर्व्ह खालून. दोन माना का तर सर्जन लोक जिथे कापतात ती सर्जिकल, तिथून रेडियल नर्व्ह जाते.

खांदेकरी
@पाठांतर_सम्राट शेवटचं वाक्य सोडून सगळं बरोबर. तिथे कुणी कापत बिपत नाही, ती जागा वारंवार मोडते म्हणून सर्जिकल नेक. अ‍ॅनाटॉमिकल नेक म्हणजे डोक्याला लागून असलेली उथळ चीर, सांध्याचं कॅप्सूल, म्हणजे आवरण, तिथे चिकटतं, ती क्वचितच मोडते. सर्जिकल नेकला वळसा घालते ती अ‍ॅक्सिलरी नर्व्ह. ती दुखावली की डेल्टॉइड, म्हणजे खांद्यावरचा स्नायू, लुळा पडतो आणि दंडाच्या वरच्या भागात बाहेरून, पोलीस बिल्ला लावतात तिथे, चामडी बधिर होते. रेडियल त्याच्या खाली, हाडाच्या मागून तिरक्या खोबणीतून. हा प्रश्न हमखास विचारतात, एवढ्यावरून मार्क जातील पोरीचे.

पाठांतर_सम्राट
बरोबर बरोबर, माझी चूक 🙏 घाईत लिहिलं.

पावसातला_बाइकवाला
मी मेडिकलवाला नाही पण रेडियलवर बोलायचा हक्क मला आहे. चार वर्षांपूर्वी पावसात गाडी घसरली आणि दंडाचं हाड बरोबर मधोमध मोडलं. दुखत होतं ते होतंच पण मला घाबरवलं ते मनगटाने, हात पुढे केला की पंजा नुसता खाली लोंबायचा, वाळत घातलेल्या टॉवेलसारखा. बोटं मिटता यायची पण मनगट वर उचलता येईना. मला वाटलं डोक्याला मार लागला. डॉक्टरांनी कागदावर हाड काढून दाखवलं, ही खोबण, ही नस हाडाला चिकटून जाते, इथे मोडलं की तिला धक्का बसतो. स्प्लिंट आणि व्यायाम, साधारण चौथ्या महिन्यात एक दिवस चहाचा कप धरताना मनगट आपोआप वर आलं, मी बायकोला ओरडून बोलावलं, ती म्हणे काय सांडलं आता. तेव्हा ताई, ती खोबण विसरू नका.

गोगलगाय
@बाइकवाला बापरे! आता रिस्ट ड्रॉप म्हटलं की टॉवेलच आठवणार. मग कोपर आपटल्यावर झिणझिण्या येतात ती पण रेडियलच का?

खांदेकरी
नाही गं, ती अल्नर. कोपराच्या आतल्या बाजूचं हाड, मीडियल एपिकॉन्डाइल, त्याच्या मागून जाते, कातडीच्या लगेच खाली. करंगळीकडे झिणझिण्या जातात बघ.

रचना_शारीर_वाली
मी बीएएमएसची. आमच्याकडे हे दोनदा करावं लागतं, एकदा मॉडर्न आणि एकदा आयुर्वेदाच्या संहितेतून 😅 पण त्यात मजा आहे. सुश्रुताने १०७ मर्मं, म्हणजे शरीरातल्या नाजूक जागा, सांगितलीत त्यात अंसफलक आहे, पाठीच्या वरच्या भागात कण्याच्या दोन्ही बाजूंना, आणि तिथे इजा झाली तर दोन्ही बाहूंना बधिरपणा आणि शोष येतो म्हणतो. आता मॉडर्नमधे आपण नर्व्हची नावं घेतो, पण खवाट्याशी हाताची ताकद बांधलेली आहे हे निरीक्षण त्याच्याकडे होतं. हाडांची संख्या मात्र त्याची ३०० आणि चरकाची ३६०, आणि आपण २०६ म्हणायचं, परीक्षेत कुठला पेपर आहे ते बघून लिहावं लागतं.

अजून एक, माझे आजोबा शेतकरी. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळण असते ना, हळद नि तूप लावतात, तेव्हा मी बैलाच्या खांद्याला हात लावून बघितलं. त्याचा खवाटा पाठीवर नाही, छातीच्या बाजूला उभा, आणि कॉलरबोन नाहीच. सगळा पुढचा भार नुसत्या स्नायूंच्या झोळीत. आपल्याकडे क्लॅव्हिकलचा एक खुंटा आहे पण तेवढाच, बाकी आपलाही खवाटा सतरा स्नायूंवरच टांगलेला.

खांदेकरी
झोळी मस्त. झोळीची एक दोरी सुटली की काय होतं तेही बघून ठेव. सेरेटस अँटीरियर या स्नायूची लाँग थोरॅसिक नर्व्ह गेली आणि पेशंटला भिंत ढकलायला सांगितली की खवाटा पंखासारखा मागे उभा राहतो.

@गोगलगाय आणि भावाला हात वर करायला सांग, त्याच्या खवाट्याच्या खालच्या टोकावर अंगठा ठेवून. टोक पुढे बाहेर सरकत जातं. पूर्ण १८० अंशांमधे १२० च्या आसपास दंडाच्या सांध्याचे आणि ६० खवाट्याचे. खांदा आखडलेले पेशंट येतात ते हात उचलताना नुसता खवाटाच उचलतात, मान पण वाकडी करतात. पुढे रोज बघशील.

मटणप्रेमी_मिरज
हाडं मिळत नसतील तर रविवारी मटणवाल्याकडून पुढच्या फऱ्याचं हाड मागून घ्या. कड दिसते, खोबण दिसते, कावळ्याची चोच मात्र अगदी नावाला. रस्सा पिऊन झाल्यावर अभ्यास.

गोगलगाय
😂 आई आधीच म्हणते घरात हाडं आणू नकोस. चोच म्हणजे कोराकॉइड ना? ती स्वतःची सापडली आत्ता, कॉलरबोनच्या बाहेरच्या भागाखाली, दाबलं तर दुखतंय, नॉर्मल आहे का?

खांदेकरी
नॉर्मल. सगळ्यांचंच दुखतं तिथे. बायसेप्सचं शॉर्ट हेड, कोराकोब्रेकिआलिस, पेक्टोरालिस मायनर, तिघं त्या एवढ्याशा चोचीला लटकलेत. सोडून दे आता, दाबत बसू नकोस.

गोगलगाय
सीनियरकडून बोन सेट आणलाय. टेबलावर दोन्ही ठेवलेत, कड वर, खड्डा वर. खोबण डावीकडे, डोकं उजवीकडे. म्हणजे दोन्ही डावी?

खांदेकरी
दोन्ही डावी.