शब्दचर्चा : ‘हृदय पंचावन्न टक्के चालते’ – टक्के नक्की कशाचे?

मूळ टिपण (कॉलेज रोड, नाशिक)

हृदयाच्या प्रतिमाचित्रणासंबंधीच्या संशोधनात सहभागी होणाऱ्या रुग्णांसाठी जी माहितीपत्रके आणि संमतिपत्रे तयार होतात, त्यांचा मराठी अनुवाद तपासण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे येते. नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी आपल्याकडे २०१९ साली जे नियम झाले, त्यांनुसार ही माहिती सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत द्यावी लागते. त्यामुळे शब्द कोशात सापडला म्हणून काम संपत नाही. तो वाचणाऱ्याच्या मनात नेमके काय उमटते हेही पाहावे लागते. या कामात एक संज्ञा मला पुन्हा पुन्हा अडवते. ती म्हणजे ‘इजेक्शन फ्रॅक्शन’, अहवालातले ‘ईएफ’.

आधी अर्थ स्पष्ट करते. हृदयाचा डावा निलय, म्हणजे ज्या कप्प्यातून महाधमनीत रक्त जाते तो कप्पा, पूर्ण भरलेला असताना त्यात समजा १२० मिलिलिटर रक्त आहे आणि एका ठोक्यात त्यातले ७० मिलिलिटर बाहेर गेले, तर ७० भागिले १२०, म्हणजे सुमारे ५८ टक्के हे त्याचे ईएफ झाले. उरलेले ५० मिलिलिटर आतच राहते आणि तसे राहणे हेच निरोगी हृदयाचे लक्षण आहे. टूडी एकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर, पुरुषांमध्ये साधारण ५२ ते ७२ आणि स्त्रियांमध्ये ५४ ते ७४ टक्के हे प्रमाण सर्वसामान्य मानले जाते. धडधाकट माणसाचेही ते शंभर नसते.

आता हे वाचणाऱ्याच्या बाजूने पाहा. निफाड तालुक्यात आमच्या काकांची द्राक्षबाग आहे. धाप लागते म्हणून त्यांचा एको केला आणि अहवालात ‘ईएफ ५५ टक्के’ असे आले. अहवाल हातात देताना कोणी काही समजावून सांगितले नाही. गाडीतच घरच्यांनी अर्थ लावला, की हृदय निम्मेच चालते आहे. गोडी छाटणीचे दिवस होते. ज्या माणसाने चाळीस वर्षे बागेतली पहिली काडी स्वतःच्या हाताने कापली, तो त्या वर्षी ओट्यावर बसून राहिला आणि कात्री पुतण्याच्या हातात गेली. भावकीतून लोक भेटायला येऊ लागले. दोन महिन्यांनी मी तो कागद पाहिला, तेव्हा त्याच पानावर खाली झडपा व्यवस्थित असल्याचे आणि कप्प्यांचा आकार नेहमीचा असल्याचे लिहिलेले होते. धापेचे कारण पुढे रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या कमतरतेत सापडले.

या गैरसमजाचे मूळ मला ‘टक्के’ या शब्दात दिसते. मराठी घरात टक्के म्हटले की शाळेचे गुण आठवतात : पस्तीसला पास, साठला फर्स्ट क्लास. पंचावन्न टक्के पडलेले हृदय आपल्या कानाला कसेबसे उत्तीर्ण झालेले वाटते. म्हणून या संज्ञेच्या मराठी रूपाने एक गोष्ट केलीच पाहिजे, ती म्हणजे टक्के कशाचे आहेत हे सांगणे.

प्रचलित पर्याय त्या कसोटीवर उतरत नाहीत. ‘उत्सर्जन अंश’ घेतला तर शाळेत शिकलेले उत्सर्जन मूत्रपिंडाकडे नेते. ‘निष्कासन’ या शब्दाला घराबाहेर काढण्याच्या नोटिशीचा वास आहे. ‘अंश’ ताप मोजायलाही लागतो आणि अपूर्णांकाच्या वरच्या आकड्यालाही. सर्वांत जास्त वापरला जाणारा पर्याय ‘हृदयाची कार्यक्षमता’ हा आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत घातक आहे, कारण काकांना ओट्यावर बसवणारा अर्थ त्यानेच पक्का होतो. मी ‘रक्तफेकीचे प्रमाण’ असे सुचवते. भालाफेक, गोळाफेक, थाळीफेक या समासांमुळे ‘फेक’ मराठीत रुळलेला आहे आणि तो जोर दाखवतो. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद (नाशिकरोड, निवृत्त विज्ञानशिक्षक)

ताई, ‘अंश’विषयी आपण लिहिले ते मला पूर्ण मान्य आहे, वर्गात अंश आणि छेद शिकवून झाल्यावर त्याच मुलांना तापमानाचे अंश शिकवताना होणारा गोंधळ मी अनेक वर्षे पाहिला आहे. ‘फेक’विषयी मात्र शंका आहे. मैदानावरची फेक जोराची असते, पण घरात ‘फेकणे’ म्हणजे टाकून देणे. आजी म्हणेल, की एवढे रक्त फेकले तर उरले काय? ‘रक्तक्षेप’ किंवा ‘उत्क्षेप प्रमाण’ असा तत्सम शब्द घेतल्यास हा दोष टळेल. प्रक्षेपण, विक्षेप, आक्षेप ही सगळी एकाच धातूची रूपे असल्याने शब्द उपराही वाटणार नाही.

प्रतिसाद (पिंपळगाव बसवंत)

आम्ही शेतकरी माणसे, वैद्यकाचे शब्द आम्हांला ठाऊक नाहीत; पण वरचे गणित वाचून मला विहीर आठवली. विहिरीतून जेवढे पाणी काढतो त्याला आम्ही ‘उपसा’ म्हणतो. शहाणा माणूस विहीर कोरडी करत नाही. काही पाणी तळाला ठेवूनच मोटार बंद करतो आणि झऱ्यांनी ती पुन्हा भरते. बाईंच्या काकांना कोणी ‘हृदयाचा उपसा पंचावन्न टक्के आहे’ असे सांगितले असते, तर उरलेले पाणी विहिरीतच आहे हे त्यांना आपोआप कळले असते. आणखी एक गोष्ट मनात येते. विहिरीला मुळात पाणीच कमी असेल, तर निम्म्याहून अधिक उपसा करूनही वाफे भिजत नाहीत. हृदयाचे तसे होते का?

प्रतिसाद (गंगापूर रोड, एको विभागात काम करणारी)

पिंपळगावच्या दादांनी विचारले ते अगदी तसेच होते आणि तो प्रश्न या चर्चेच्या गाभ्याचा आहे. काही रुग्णांच्या, विशेषतः वाढत्या वयात रक्तदाब आणि मधुमेह असलेल्यांच्या, हृदयाचा स्नायू ताठर होतो. तो नीट सैलावत नाही, म्हणून कप्पा पुरेसा भरत नाही. समजा १२० ऐवजी ८० मिलिलिटरच भरले आणि ४८ बाहेर गेले, तर प्रमाण ६० टक्के येते. आकडा उत्तम दिसतो, पण दर ठोक्याला शरीराला रक्त कमी मिळते, पाय सुजतात, जिना चढताना धाप लागते. ईएफ ५० किंवा त्याहून अधिक असूनही होणारा हा हृदयदौर्बल्याचा प्रकार आता वैद्यकात स्वतंत्रपणे ओळखला जातो. म्हणूनच ‘कार्यक्षमता’ हा शब्द दोन्ही बाजूंनी चुकतो : पंचावन्नवाल्या निरोगी माणसाला तो घाबरवतो आणि साठवाल्या आजारी माणसाला निर्धास्त करतो.

हा आकडा येतो कसा, हेही शब्द ठरवताना लक्षात घ्यावे. श्राव्यातीत ध्वनिलहरी हृदयावर आदळून परततात आणि त्यांवरून पडद्यावर चित्र उमटते. स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर आणि हेल्मुथ हर्ट्झ यांनी १९५३ मध्ये या तंत्राची सुरुवात केली. त्या हलत्या चित्रात कप्पा सर्वांत मोठा असतानाचा एक क्षण आणि सर्वांत लहान असतानाचा एक क्षण थांबवून आम्ही आतली कड माउसने गिरवतो. दोन वेगवेगळ्या कोनांतून हे केले, की यंत्र त्या आकाराच्या चकत्या कल्पून आकारमान काढते. स्थूल व्यक्तीत किंवा फुफ्फुस आड आले तर कड पुसट दिसते आणि माझ्या व माझ्या सहकाऱ्याच्या गिरवण्यात पाच टक्क्यांचा फरक सहज पडतो. मागच्या वर्षी ५८ होते, आता ५५ आले म्हणून रडवेले होणारे लोक मी पाहते. तो फरक बहुतेक वेळा आमच्या हाताचा असतो, त्यांच्या हृदयाचा नव्हे. हृदयाच्या एमआरआयमध्ये ही कड अधिक स्वच्छ दिसते, म्हणून संशोधनात आकारमानासाठी तो प्रमाण मानतात.

टक्क्यांचा दुसरा घोळ ‘ब्लॉकेज’चा. एन्जिओग्राफीच्या अहवालातले ७० टक्के हे साधारणपणे धमनीच्या व्यासातील घट सांगतात. व्यास निम्मा झाला तर आतल्या तोंडाचे क्षेत्रफळ ७५ टक्क्यांनी घटते. व्यास ७० टक्क्यांनी घटला तर क्षेत्रफळ ९१ टक्क्यांनी. ‘नळी सत्तर टक्के बंद’ या वाक्यातून यांतले काहीच कळत नाही. शिवाय अरुंद जागेमुळे रक्ताचा दाब खरोखर किती उतरतो, हे वेगळ्या तपासणीने मोजतात. अरुंद जागेपलीकडचा दाब अलीकडच्या दाबाच्या ०.८० पट किंवा त्याहून कमी भरला, तर तो अडथळा महत्त्वाचा समजतात. म्हणजे डोळ्यांना दिसणारा अडथळा आणि प्रवाहाला जाणवणारा अडथळा यांसाठी मराठीत दोन शब्द हवेत. मला पहिल्यासाठी ‘अरुंदी’ आणि दुसऱ्यासाठी ‘अटकाव’ योग्य वाटतात.

क्रियापदाविषयी थोडेसे. आपण ईसीजी ‘काढतो’, एक्स-रे ‘काढतो’, पण एको आणि एन्जिओग्राफी ‘करतो’. ज्यातून पट्टी किंवा फिल्म हातात पडते ते ‘काढायचे’, अशी जुनी जाण त्यामागे असावी. माहितीपत्रकात ‘आपला ईसीजी केला जाईल’ असे लिहिलेले वाचले की भाषा परकी वाटते.

मूळ लेखिका

सर्वांचे मनापासून आभार. सरांचा ‘रक्तक्षेप’ शब्द म्हणून निर्दोष आहे आणि पाठ्यपुस्तकात मी तोच घेईन. पण माहितीपत्रक वाचणारी व्यक्ती चिंतेत असते आणि जोडाक्षर अडले की ती पुढचे वाक्य सोडून देते. आजीच्या शंकेला माझ्याकडे उत्तर नाही, म्हणून ‘फेक’ मी मागे घेते. ‘उपसा’ या शब्दाने मला जिंकले. तो टक्के कशाचे हे सांगतो, शिल्लक गृहीत धरतो, पुन्हा भरण्याची सोय त्यात आहे आणि विहिरीत पाणी किती हा पुढचा प्रश्नही तोच विचारायला लावतो. शहरातल्या वाचकालाही ‘उपसा सिंचन’ वर्तमानपत्रातून माहीत असते.

‘हृदयदौर्बल्य’ हा शब्दही मी उचलते आहे. मराठीत ‘हार्ट फेल झाले’ म्हणजे माणूस गेला. वैद्यकातले ‘हार्ट फेल्युअर’ म्हणजे मात्र हृदयाची ताकद कमी पडणे, ज्यात औषधोपचाराने माणूस वर्षानुवर्षे जगू शकतो. अशा रुग्णांना संशोधनात सहभागी होण्याची विनंती करणाऱ्या कागदावर ‘हृदय निकामी झालेले रुग्ण’ असा मथळा मी स्वतः वाचला आहे आणि तो बदलून घेतला आहे.

सध्याच्या पत्रकात मी असा मजकूर घालते : “एको तपासणीत आपल्या हृदयाचा उपसा मोजला जाईल. हृदयाच्या डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती रक्त एका ठोक्यात बाहेर जाते, ते हा आकडा सांगतो. अहवालात त्याला ईएफ म्हणतात. निरोगी व्यक्तीतही तो शंभर नसतो. साधारण ५२ ते ७४ टक्क्यांच्या दरम्यान असतो.” ‘अरुंदी’ आणि ‘अटकाव’ यांवर अजून मते यावीत, विशेषतः ज्यांची एन्जिओग्राफी झाली आहे त्यांची, कारण ‘अटकाव’ आणि ‘अटक’ यांच्यातल्या उच्चाराच्या जवळिकीची मला थोडी धास्ती वाटते.