गुणधर्मांची नावं पाठ करून नक्की मिळतं काय?

कोरीपाटी:
लेक नववीत आहे. चाचणीत तिचा अर्धा मार्क कापला, का तर उत्तर बरोबर पण पायरीसमोर 'क्रमनिरपेक्ष गुणधर्म' (क्रम बदलला तरी उत्तर तेच) लिहायचं तिथे 'साहचर्य' (कंस सरकवले तरी उत्तर तेच) लिहिलं. आम्हीपण घोकली होती ही नावं आणि दहावीचा शेवटचा पेपर टाकून बाहेर पडलो तेव्हाच विसरलो, आज जीएसटीची कामं करतो, काही अडत नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लीलावती लिहिली, त्यांचा कुणी 'कारण लिहा' म्हणून मार्क कापला नव्हता. मुलांना सरळ राशी सोडवायला शिकवा ना!

उणेअधिक:
वीस वर्षं क्लास घेतेय, मला अजिबात पटत नाही. ७ − ३(क्ष − २) ला सोपं रूप द्या म्हटलं की दर बॅचला दोन चुका ठरलेल्या. कुणी आधी ७ मधून ३ काढून ४(क्ष − २) करतं, कुणी ७ − ३क्ष − ६ लिहून १ − ३क्ष वर येऊन थांबतं. बरोबर उत्तर १३ − ३क्ष. वजाबाकी म्हणजे विरुद्ध संख्या मिळवणं, म्हणून ७ + (−३)(क्ष − २) असं लिहायला लावते, मग −३ दोघांनाही वाढला जातो. पंगतीत एका पानावर वाढून शेजारचं पान कोरडं ठेवतो का आपण? वितरण म्हणजे तेच की.

तिरपीरेघ:
पंगत भारी, पण हेच वाढप डोक्यात बसलं की पोरं (अ + ब)² चं अ² + ब² करून मोकळी होतात. ३ आणि ४ घालून बघा म्हणावं, ४९ कुठे आणि २५ कुठे. आकडे घालून पडताळायची सवय लावा, नावं गेली खड्ड्यात. कोरीपाटी +१

उणेअधिक:
अहो पण वितरण गुणाकाराचं असतं बेरजेवर, वर्गाचं नाही! (अ + ब)(अ + ब) लिहा, वाटा, मधे अब आणि बअ येतात, त्यांचं २अब होतं ते क्रमनिरपेक्षतेमुळेच.

रात्रपाळी:
आणि मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचे चौकोनी तक्ते, असतील तर ते २अब होईलच असं नाही, कारण अब आणि बअ वेगळे निघू शकतात. साहचर्याचं म्हणाल तर पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत (०.१ + ०.२) + ०.३ टाका, ०.६००००००००००००००१ येतं, कंस सरकवून ०.१ + (०.२ + ०.३) केलं की ०.६. वास्तव संख्यांचा नियम मशीनच्या दशांशांना लागू होईलच असं नाही. एका बिलिंगच्या कामात दोन टोटल जुळेनात म्हणून मी दोन रात्री जागलोय, त्यामुळे नाव माहीत असलेलं बरं.

कोरीपाटी:
मॅट्रिक्स नववीला कुठे आलेत! पण एक सांगतो, काल लेकीला तेच ७ − ३(क्ष − २) दिलं, १३ − ३क्ष बरोबर काढलं तिने. +६ कसे आले विचारलं तर म्हणे "उणे उणे अधिक". का, तर गप्प. मीही गप्प.

उणेअधिक:
(−३) × (२ + (−२)) हे शून्यच ना? वाटून टाका, −६ + (−३)(−२) = ०, मग दुसरं पद +६ असल्याशिवाय गत्यंतरच नाही. वितरणच आहे हे.

कोरीपाटी:
हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं राव. अर्धा मार्क मात्र परत पाहिजे.