आजींनी दहाव्या वर्षी दिलेला शब्द

सचिव
सर्व सभासदांना सविनय नमस्कार व जय भीम. ब विंगमधील आजींचे काल पहाटे राहत्या घरी निधन झाल्याचे आपणा सर्वांना समजले आहेच. जलदान विधी व पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आपल्या सभागृहात होईल. त्याच दिवशी सायंकाळी सोसायटीच्या वतीने भजनसंध्या ठेवावी, अशी सूचना काही सभासदांकडून आली आहे. कृपया मते कळवावीत आणि आजींच्या आठवणीही लिहाव्यात.

काकू, अ विंग
भजनसंध्येच्या सूचनेमागचा आदर मला कळतो. मी स्वतः गजानन महाराजांची भक्त आहे आणि दर गुरुवारी पोथी वाचल्याशिवाय अन्न घेत नाही. तरीही ही सूचना मागे घ्यावी, अशी माझी हात जोडून विनंती आहे. कारण ज्या बाईने उभे आयुष्य एका शब्दावर काढले, तिच्या नावाने तो शब्द आपण मोडणे बरे नव्हे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भदन्त चंद्रमणी महास्थविरांकडून धम्मदीक्षा घेतली आणि त्यानंतर समोर जमलेल्या लाखो अनुयायांना स्वतः त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा (हिंदू देवदेवतांची उपासना करणार नाही, हा शब्दही त्यांत येतो) दिल्या, त्या वेळी आजी आईचा पदर धरून त्या गर्दीत उभ्या होत्या. वय जेमतेम दहा वर्षांचे. उमरेडकडच्या खेड्यातून घरची सगळी माणसे बंडी जुंपून आली होती. आईजवळ पांढरे लुगडे नव्हते, म्हणून तिने शेजारणीकडून मागून आणले होते आणि ते धुळीने मळू नये यासाठी नागपूरच्या वेशीपर्यंत गाठोड्यातच ठेवले होते. प्रतिज्ञा म्हणताना आजूबाजूची मोठी माणसे रडत होती. आपल्याला मात्र एकही शब्द सुटू नये एवढीच चिंता होती, असे आजी सांगत. त्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते, तोच ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्या दिवशी त्यांच्या घरी चूल पेटली नाही.

आजी येथे राहायला आल्या त्या वर्षीच्या गणेशोत्सवात त्या आरतीला उभ्या राहिल्या नाहीत, याचे काही जणांना वाईट वाटले होते. मी त्यांना एकांतात विचारले. त्या म्हणाल्या, ‘म्या शब्द देला हाये ना बाई, आता थो कसा मोडू?’ त्यात राग नव्हता की ताठा नव्हता. आरती चालू असताना त्या आत महाप्रसादाच्या भाजीसाठी वाटाणे सोलत बसल्या होत्या आणि पुढेही दरवर्षी बसत राहिल्या. माझ्या देवावर त्यांचा विश्वास नव्हता, पण माझ्या पोथीची वेळ झाली की बाकावरून आधी उठायच्या त्या, आणि मलाही उठवायच्या. अशी मैत्रीण मला या वयात लाभली, हे माझे भाग्य.

एक सभासद, क विंग
काकूंशी मी पूर्ण सहमत आहे. माझ्या दोन्ही मुलांना वाचनाची गोडी आजींनी लावली. रविवारी सकाळी वाहनतळाच्या कोपऱ्यात सतरंजी अंथरून त्या मुलांना वाचायला बसवत. तेथे आपली मुले असत, तशीच चौकीदाराची आणि धुणीभांडी करणाऱ्या ताईंचीही असत. मूल अडखळले तर त्या शब्द सांगत नसत, थांबत.

एक सभासद, अ विंग
दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीकडे पायी जाणाऱ्या लोकांसाठी फाटकाशी पाण्याची टाकी आणि पोळी-भाजी ठेवण्याची पद्धत आजींनीच सुरू केली. सुरुवातीला त्या सगळे एकट्या करीत असत. नंतर निम्मी सोसायटी त्यांच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटायला जाऊ लागली.

आजींची सून, ब विंग
आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल आमच्या कुटुंबाच्या वतीने आभार. आईंविषयी दोन गोष्टी सांगते.

बाबा एम्प्रेस मिलमध्ये होते आणि त्या पगारात तीन मुलांचे शिक्षण होणे कठीण होते, म्हणून आई अनेक वर्षे घरी बिड्या वळत. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि पत्र्याच्या मापाने कापलेली तेंदूची पाने; आणि सुपाच्या काठाला टेकवून मुलांचे पुस्तक उघडे ठेवलेले असे. मुले मोठ्याने वाचत, आई ऐकत आणि हात चालू ठेवत. स्वतः चौथीच्या पुढे न गेलेल्या आईंना दोन्ही नणंदांचे दहावीपर्यंतचे इतिहासाचे धडे अशा रीतीने पाठ झाले होते. दीक्षाभूमीच्या स्तूपासाठीही त्यांनी याच मजुरीतून जमेल तसे पैसे दिले. १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, तेव्हा बाबा हयात नव्हते. आई नंतर एकट्या गेल्या आणि घुमटाखाली बराच वेळ बसून आल्या.

घरात रोज सायंकाळी वंदना होते. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती लावून त्रिशरण-पंचशील म्हणायचे, हा नियम पाहुणे आले तरी चुकला नाही. माझा मुलगा बारा-तेरा वर्षांचा असताना, पालीतील अर्थ कळत नाही तर मी का म्हणू, असे त्याने विचारले होते. मी त्याला रागावणार होते. आईंनी मला थांबवले. दुसऱ्या दिवसापासून त्या त्याला रोज एका गाथेचा अर्थ सांगू लागल्या आणि अर्थ पटेल तेव्हाच म्हण, असे त्यांनी त्याला सांगितले. काल विहारातून भन्तेजी येईपर्यंत त्यानेच वंदना घेतली.

रविवारच्या विधीत भांडे भरून वाहीपर्यंत त्यात पाण्याची धार सोडली जाते. भरलेल्या नद्या जशा सागराला जाऊन मिळतात, तसे येथे दिलेले दान गेलेल्यांपर्यंत पोहोचो, अशा अर्थाची गाथा त्या वेळी म्हणतात. आपण सर्वांनी यावे. हार-फुले मात्र आणू नयेत. आणायचेच असेल तर वह्या, पेन किंवा मुलांची पुस्तके आणावीत. आईंनीच तसे सांगून ठेवले होते.

सचिव
ज्या सभासदांनी भजनसंध्या सुचवली होती, त्यांनी स्वतःहून फोन करून सूचना मागे घेतली आहे. जमा होणारी पुस्तके सभागृहातील भिंतीच्या कपाटात ठेवता येतील. त्यासाठी कपाट मोकळे करून घेतो. रविवारचा वर्ग कोण पुढे चालवणार, हे कळवावे.

एक सभासद, क विंग
वाचन मी घेईन. माझी पत्नी गणित घेण्यास तयार आहे. पावसाळ्यात वाहनतळात पाणी साचते, म्हणून वर्गासाठी सभागृह मिळावे.

सचिव
रविवारी आठ ते दहा सभागृह वर्गासाठी राखून ठेवले आहे. भाडे आकारले जाणार नाही.

काकू, अ विंग
दसऱ्याच्या पोळ्यांचे मी बघते. पीठ किती लागते आणि आजी टाकी कोणाकडून आणवत असत, ते सूनबाईंनी मला सवडीने सांगावे.